साडेनऊ

मशीन आलं त्या दिवशी सासऱ्यांनी
मला खोकं उघडू दिलं नाही.
आधी चष्मा शोधला, मग आतली पुस्तिका.
इंग्रजीशी त्यांचं जमत नाही, म्हणून नुसती चित्रं वाचली,
एकेका चित्रावर अंगठा टेकवत,
फुली मारलेल्या हातापाशी जरा जास्त वेळ.

अंबडच्या प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षं.
उजवी तर्जनी पहिल्याच पेराला संपते.
घरात त्यावर कुणी बोलत नाही.
मल्हार तेवढा बोटं मोजायला शिकताना म्हणाला होता,
आजोबांची साडेनऊ.

ओट्यावरची जागा त्यांनीच ठरवली.
नळापासून हातभर लांब,
वायर शेगडीच्या बाजूनं नको,
खाली ओलं फडकं तर नकोच.
"कणीक जड झाली की चालायला लागतं ते.
मशीनला पाय नसतात, असं समजू नकोस."

मग रोजचंच सुरू झालं.
ओढणी खोच. केस वर बांध.
बांगड्या लग्नात घाल, इथं नको.
मैदा टाकलास की एकवर, हळू.
एकदम सहावर नेलंस तर अर्धा मैदा तुझ्या तोंडावर,
आणि डोळे मिटले की
हात कुठं जातो ते हातालाही कळत नाही.

मी हसायचे.
अहो, केक करते मी, पत्रा नाही कापत.
ते यावर काही म्हणायचे नाहीत.
डोक्याची खिट्टी नीट बसली का,
एवढं बोटानं दाबून बघायचे, त्याच बोटानं,
आणि पेपर घेऊन गॅलरीत.

डिसेंबरातला शनिवार होता.
निफाडला पारा सातवर, आमच्या सिडकोत दहा असेल,
पीठ फुगायचं नाव घेईना.
शरणपूरच्या ओहोळबाईंना नाताळसाठी हवे होते
बारा गोड पाव, पिंपळगावचे बेदाणे घालून,
आणि बाई वेळेच्या पक्क्या.

दुसऱ्या घाण्याला लाइट गेली.
शनिवारच तो, जाणारच.
कणीक आकड्यावर चढून बसली होती,
गळ्याशी घट्ट, ओल्या लोकरीसारखी.
म्हटलं, तेवढ्यात सोडवून घेऊ.
भिंतीवरचं बटण तसंच खाली,
मशीनचा काटा चारवर.
बंद पडलेल्या वस्तूला कोण कशाला घाबरेल?

बोटं आत, दोन पेरं, तीन.
मागून कानटोपीतले सासरे आले,
पायात मोजे, त्यामुळे आवाज नाही.
मला बाजूला केलं नाही, ओरडले नाहीत,
वाकले आणि पिन उपसली.

फ्रीजला उचकी लागली.
बाहेरच्या खोलीत बातम्या मधूनच बोलायला लागल्या.
शेजारच्यांच्या गिरणीनं सूर धरला.
सगळ्या घरात एक मशीन तेवढं गप्प होतं,
आणि माझा हात अजून त्याच्या आत.

पिन त्यांच्या मुठीत होती.
बराच वेळ त्यांनी ती खाली ठेवली नाही.
"दुसरी पाळी होती," ते म्हणाले. "लाइट गेलेली."
मी वाट पाहिली.
पुढचं काही आलं नाही.
"पुसून घे हात. पीठ वाळेल."

तेव्हापासून पाती काढायची असो, कडा खरवडायच्या असोत,
नुसतं बोट लावून चाखायचं असो,
आधी पिन निघते, मग मी.
उलथनं फिरत्या भांड्यात जात नाही.
हे कुणाला सांगायला गेले की फार साधं वाटतं,
म्हणून सांगत नाही, पिन काढून दाखवते.

त्या दिवशी अकराच पाव ओहोळबाईंकडे गेले.
बारावा एका अंगाला कलला होता.
तो सासऱ्यांनी चहाबरोबर घेतला,
वरचे बेदाणे आधी टिपून,
अंगठा आणि मधल्या बोटानं,
एकही न सांडता.